जुन्या ट्रकचा उच्छ्वास

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही काहीसे संकोचलो. अशा अंकात गुरुजनांच्या आठवणी असतात, वसतिगृहातील दिवसांची वर्णने असतात, उच्चपदस्थ माजी विद्यार्थ्यांची मनोगते असतात. आम्ही तिघे ह्याच विद्यालयात शिकलो, परंतु दहावीनंतर आमच्या हाती लेखणीऐवजी पाना आला. माहीमला खाडीच्या अंगाला, सायनकडे जाणाऱ्या जोडरस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही आयुष्याची अनेक वर्षे जुन्या ट्रकांची इंजिने उघडण्यात आणि जोडण्यात घालविली. तेव्हा जे जाणतो तेच लिहावे, असे ठरविले. आपल्या समाजातील कितीतरी घरे एका ट्रकच्या, टेम्पोच्या किंवा पाण्याच्या टँकरच्या चाकांवर उभी आहेत. त्या घरांना ह्या लेखाचा उपयोग झाला, तर विद्यालयाचे थोडेसे ऋण फिटले असे आम्ही समजू.

विषय एकच आहे. जुन्या डिझेल इंजिनाची ओढ कमी झाली, की मालक आणि चालक दोघांचेही पहिले लक्ष सायलेन्सरकडे जाते. "सायलेन्सर कापून टाका, गाडी मोकळी पळेल," हा सल्ला प्रत्येक नाक्यावर फुकट मिळतो. त्यात तथ्य किती आणि भ्रम किती, हे आम्ही येथे शक्य तितक्या सोप्या रीतीने सांगणार आहोत.

वसतिगृहात सायंकाळच्या वंदनेनंतर काही मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देण्याची सवय आपणा सर्वांना लावली गेली होती. तेव्हा आम्हांला सांगितले जाई, की नवा श्वास घेण्याची घाई करू नका, आधीचा पूर्ण सुटू द्या. पुढचा आपोआप येईल. बालवयात ह्या वाक्याचा अर्थ आम्हांला किती कळला होता, कोण जाणे. पुढे इंजिनाशी गाठ पडली तेव्हा तो नीट कळला.

ह्या इंजिनांची ओळख

आपल्या देशात ट्रक म्हटले, की एका पिढीच्या डोळ्यांपुढे टाटा-मर्सिडीझच उभी राहते. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास आरंभ केला. हा सहकार्य-करार १९६९ मध्ये संपला आणि त्यानंतर ट्रकच्या तोंडावरील तीन टोकांचा तारा जाऊन तेथे 'टी' हे अक्षर आले; परंतु इंजिनाची घडण त्याच परंपरेतील राहिली. मुंबईकरांना आपल्या अंगणातील उदाहरणही ठाऊक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडत. आमच्या शेडमध्ये ह्या सर्वांनी हजेरी लावली. सर्वाधिक आली ती मात्र टाटाची '६९७' इंजिने.

ह्या नावातच त्याचे वर्णन आहे. पहिला अंक सहा, म्हणजे सहा सिलिंडर. पुढचे ९७, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर. ह्यावरून सहाही सिलिंडरांचे मिळून आकारमान ५,६७५ घनसेंटिमीटर, म्हणजे सुमारे पावणेसहा लिटर होते. आधीच्या '६९२' इंजिनाचा व्यास ९२ मिलिमीटर होता. ट्रकच्या नावाचेही असेच गणित असे. '१२१०' म्हणजे मालासह एकूण वजन सुमारे १२ टन आणि शक्ती शंभर अश्वशक्तीच्या आसपास. '१६१२' म्हणजे सुमारे १६ टन आणि एकशेवीसच्या आसपास. ह्या इंजिनांच्या साध्या, टर्बो नसलेल्या प्रकारात हवा आत ढकलणारे कोणतेही यंत्र नसते. पिस्टन खाली जाताना स्वतःच्या ओढीने जेवढी हवा आत घेईल तेवढीच तिची मिळकत. म्हणूनच श्वास घेणे आणि सोडणे ह्यांचे महत्त्व येथे फार आहे.

आधी उतरू द्या, मग चढा

चार टप्प्यांचे हे इंजिन हवा ओढते, दाबते, डिझेल जाळते आणि जळका वायू बाहेर टाकते. मिनिटाला २,८०० फेरे होत असताना प्रत्येक सिलिंडर हे चारही टप्पे मिनिटाला १,४०० वेळा, म्हणजे सेकंदाला तेवीसहून अधिक वेळा पूर्ण करतो. जळका वायू बाहेर ढकलण्यासाठी पिस्टनला मिळणारा अवधी सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग असतो. तेवढ्यात जवळजवळ एक लिटरचे सिलिंडर रिकामे व्हायचे असते.

माहीम किंवा दादर स्थानकावर ज्यांनी गर्दीच्या वेळी लोकल पकडली आहे, त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांना जागा होत नाही. दारात उतरणाऱ्यांची वाट अडली, तर फलाटावर कितीही जण उभे असोत, डब्यात मोजकेच शिरतात आणि गाडी सुटते. इंजिनाचे तसेच आहे. जळका वायू पूर्ण न निघाल्यास सिलिंडरच्या माथ्यावरील पोकळीत तो साचून राहतो; पिस्टन खाली जाताना तोच पुन्हा पसरतो आणि ताज्या हवेची जागा बळकावतो. हवा कमी, म्हणजे प्राणवायू कमी. प्राणवायू कमी, म्हणजे तेवढेच डिझेल अर्धवट जळणार. त्या अर्धवट जळलेल्या डिझेलालाच आपण काळा धूर म्हणतो.

येथे एक हिशेब मांडतो. २,८०० फेऱ्यांना हे इंजिन मिनिटाला साधारण साडेसहा हजार लिटर हवा घेते. बाहेर पडताना वायूचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या आसपास धरले, तर तापल्यामुळे फुगलेल्या वायूचे आकारमान सोळा हजार लिटरांच्या घरात जाते. म्हणजे आत येते त्याच्या अडीचपट बाहेर जाते. हा एवढा वायू ७५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीतून सेकंदाला साठ मीटरांहून अधिक वेगाने धावतो. वेग वाढला, की घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे नळीचा व्यास थोडा घटला तरी अडथळा पुष्कळ वाढतो. ७५ मिलिमीटरच्या जागी ६५ मिलिमीटरची नळी जोडली, तर तेवढ्याच लांबीत दाबाची हानी सुमारे दुप्पट होते. नळी तीच ठेवून तिच्या आतील बाजूस केवळ तीन मिलिमीटर जाडीचा काजळीचा थर बसला, तरी हानी दीडपट होते. बाहेरून पाहणाऱ्याला नळी जशीच्या तशीच दिसते.

मुखाशी अडथळा, तुंबारा मागे

आमच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर मिठी नदी खाडीला मिळते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून सुमारे अठरा किलोमीटरांचा प्रवास करून ती येथे माहीमला येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा खाडीत भरती होती. वाटेत पात्र आवळलेले आणि मुखाशी समुद्राचे पाणी चढलेले. त्यामुळे मिठीला पोटातले पाणी सोडता आले नाही. पाणी चढले ते मात्र मागे, कुर्ल्यात आणि कलिन्यात. बाहेर जाण्याच्या मार्गातील अडथळ्याची झळ मागच्यांना कशी बसते, हे त्या दिवशी सर्व मुंबईने पाहिले.

इंजिनाच्या एक्झॉस्टमधील ह्या तुंबाऱ्याला 'बॅक प्रेशर' म्हणतात; आम्ही त्याला उलटा दाब म्हणतो. अशा इंजिनांसाठी निर्माते सामान्यतः १० किलोपास्कलच्या आसपासची कमाल मर्यादा घालतात. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. १० किलोपास्कल म्हणजे पाण्याच्या स्तंभाची सुमारे एक मीटर उंची.

आता हा दाब किती शक्ती खातो, ते पाहू. ६९७ इंजिनाचे आकारमान आणि २,८०० फेरे धरून हिशेब केला, तर १० किलोपास्कल उलट्या दाबाविरुद्ध वायू ढकलण्यात सुमारे १.८ अश्वशक्ती खर्ची पडते. साचलेल्या वायूमुळे होणारे नुकसान त्यात मिळविले, तर एखाद-दुसरी आणखी. ह्याचा अर्थ वाचकांनी शांतपणे ध्यानात घ्यावा. सुस्थितीतील सायलेन्सर पूर्ण काढून टाकला, तरी शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या इंजिनाला दोन-तीन अश्वशक्तींपलीकडे काही मिळत नाही. चालकाला जी 'मोकळी पळाल्याची' जाणीव होते, ती बहुतांशी आवाजाची असते. मात्र तोच सायलेन्सर तुंबलेला असेल आणि उलटा दाब मर्यादेच्या तिप्पट-चौपट चढला असेल, तर हानी खरी आणि जाणवणारी असते. म्हणून आपल्या गाडीचा सायलेन्सर खरोखर तुंबला आहे काय, आणि तुंबला असल्यास कशामुळे, हे प्रथम तपासावे लागते.

आमची चूक

हे शहाणपण आम्हांला आरंभापासून नव्हते, हे कबूल केले पाहिजे. शेड सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्हीही गिऱ्हाइकाच्या म्हणण्याला मान देऊन सायलेन्सर कापले आहेत. नळी सरळ जोडली, की काम तासाभराचे. गिऱ्हाईक खूश आणि आम्हीही. अशीच एक गाडी काही दिवसांनी परत आली. आवाज मोठा, पण घाट चढताना तीच रडकथा. डिझेलचा खर्च तोच, धूर तर पूर्वीपेक्षा अधिक. तपासणीसाठी आम्ही ती शेडमध्ये बराच वेळ चालू ठेवली. शेजारच्या चाळीतील एक माउली तान्हे मूल कडेवर घेऊन दाराशी आली. भांडायला आली असती तर आम्हीही भांडलो असतो. ती एवढेच म्हणाली, "दादा, तुमची गाडी सुरू झाली की माझं बाळ खोकत राहतं. काही करता येईल का?"

आम्ही इंजिन बंद केले. त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये सायलेन्सर कापला गेला नाही.

मोजल्याशिवाय हात लावू नये

त्यानंतर काही महिन्यांनी, आपल्याच विद्यालयात ज्यांची दोन मुले शिकत होती असे एक पालक आपला जुना १६१२ घेऊन आमच्याकडे आले. विटा आणि खडी वाहणे हा त्यांचा व्यवसाय. गाडी ओढत नाही, खेपा कमी होतात, हप्ता थकला आहे, मुलांना वसतिगृहातून काढून घरी न्यावे लागते की काय, अशी त्यांची चिंता होती. त्यांनीही सायलेन्सर कापण्याचाच आग्रह धरला. आम्ही त्यांच्याकडे एक दिवस मागून घेतला.

विज्ञानाच्या तासाला आपल्या प्रयोगशाळेत यू आकाराची काचेची नळी दाखविली जाई. दोन्ही भुजांतील पाण्याच्या उंचीचा फरक म्हणजे दाब. तीच युक्ती आम्ही वापरली. लाकडी फळीवर पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात बसवली, तीत रंगीत पाणी भरले. ती १२० सेंटिमीटरपर्यंतचा फरक दाखवू शकत होती. मॅनिफोल्डच्या पुढे, नळीच्या सरळ भागात भोक पाडून एक नट वेल्ड केला, त्यात हात-दीड हात लांबीची तांब्याची नळी बसवली आणि तिच्या थंड टोकाला प्लास्टिकची नळी जोडली. मग मोकळ्या जागेत इंजिन पूर्ण वेगावर नेले. नळीतील सारे पाणी क्षणात उडून आमच्या तोंडावर आले!

गाडी मालाविना उभी असताना वायू कमी तापतो, त्यामुळे दाबही प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. तरीही पाणी उडाले, म्हणजे तुंबारा फार मोठा होता. उभ्या गाडीवरील आकडा मर्यादेशी ताडून पाहण्यासाठी पुरेसा नसतो. पण त्याच गाडीचे दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे माप एकाच रीतीने घेतले, तर तुलना खरी ठरते. माप झाल्यावर तो नट बोल्ट लावून बंद करावा.

कारणांची साखळी

आम्ही मागून पुढे शोध घेत गेलो. सायलेन्सर उघडला, तर आतील एक जाळीदार पत्रा तुटून आडवा पडलेला आणि उरलेल्या वाटेत काजळीचा गच्च थर. त्याच्या पुढे चासीखालील एका वळणावर कोणीतरी कधीतरी जॅक टेकविला असावा. नळी चपटी झाली होती. मॅनिफोल्ड आणि हेड यांमधील पॅकिंग दोन ठिकाणी जळून फुंकत होते. हेड उतरविले, तेव्हा दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हांच्या बैठकी खड्ड्याखड्ड्यांच्या झालेल्या दिसल्या. नोजल तपासणी यंत्रावर लावले, तर सहांपैकी तीन नोजल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत होते. एअर क्लीनरच्या तळाशी तेलाचा चिखल झाला होता.

ही सहा निरनिराळी दुखणी नव्हती. थेंब गाळणाऱ्या नोजलमुळे डिझेल नीट जळत नव्हते. म्हणून काजळी होत होती. काजळीने सायलेन्सर तुंबला. तुंबल्यामुळे जळका वायू आत साचून हवा कमी येऊ लागली. एअर क्लीनरच्या चिखलाने ती आणखी कमी झाली. हवा कमी म्हणून काजळी वाढली. ओढ कमी पडते म्हणून चालक पायाखालचा पॅडल अधिक दाबी. जादा डिझेलने वायू अधिक तापे आणि व्हॉल्व्हांच्या बैठकी जळत. प्रत्येक कार्य पुढच्याचे कारण होत होते. अशा गाडीचा केवळ सायलेन्सर बदलला असता, तर काही महिन्यांत नवाही तुंबला असता. परिणाम दिसतो त्या ठिकाणी कारण असेलच असे नाही, हा धडा आम्हांला त्या गाडीने दिला.

दुरुस्तीनंतर त्याच नळीत, त्याच वेगावर, पाण्याचा फरक जेमतेम हातभर राहिला. इंजिनाला नवी शक्ती आम्ही दिली नव्हती. त्याची हरवलेली शक्ती त्याला परत मिळाली होती. मुले वसतिगृहातच राहिली.

कामाचा क्रम

ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे किंवा करायचे आहे, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातील क्रम येथे देतो.

प्रथम आत येणारी हवा पाहावी. तेलाच्या एअर क्लीनरमधील तेल व जाळी स्वच्छ करावी आणि रबरी नळीला चीर नाही ना, हे तपासावे. सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग हाच होय.

त्यानंतर व्हॉल्व्हांची टॅपेट-फट पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक तापतो आणि लांबतो, म्हणून त्याची फट सहसा इनलेटपेक्षा जास्त दिलेली असते. फट फार कमी राहिली, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि त्याची कड जळते. फार जास्त राहिली, तर तो उशिरा व कमी उघडतो आणि वायूला वेळ अपुरा पडतो. फीलर गेजच्या एका पात्याचा हा प्रश्न आहे, परंतु त्यावर इंजिनाचा सारा श्वास अवलंबून असतो.

तिसऱ्या पायरीवर नोजल आणि डिझेल पंपाचे टायमिंग येते. नोजलचा उघडण्याचा दाब व फवाऱ्याचा आकार यंत्रावरच तपासावा. डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये.

मग मॅनिफोल्ड. त्याचा तळ सरळपट्टी लावून पाहावा. वाकला असल्यास घासून सपाट करावा. पॅकिंगची कड वायूच्या मार्गात पुढे आलेली नसावी. हेडचे तोंड, पॅकिंगचे भोक आणि मॅनिफोल्डचे तोंड एकमेकांवर नेमके बसावे. आतील पायरी घासून काढली, तर वायूला निष्कारण बसणारी ठेच वाचते. ज्यांना खोलात जायचे आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ह्या इंजिनातील सिलिंडर १-५-३-६-२-४ ह्या क्रमाने पेटतात, दर १२० अंशांना एक. सहाही सिलिंडर एकाच मार्गात सोडले, तर एकाचा जोराचा झोत दुसऱ्याच्या उरलेल्या उच्छ्वासावर आदळतो. पुढचे तीन आणि मागचे तीन वेगळे केले, तर प्रत्येक मार्गात २४० अंशांनी एकेक झोत येतो आणि कोणी कोणाच्या आड येत नाही. म्हणूनच काही इंजिनांचे मॅनिफोल्ड कारखान्यातच दोन मार्गांचे ओतलेले असते.

सर्वांत शेवटी नळी आणि सायलेन्सर. चपटी वळणे बदलावी. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या दीडपटीहून कमी असू नये. नळीचा व्यास कारखान्याने दिला त्याहून कमी कधीच नसावा. सायलेन्सर त्याच इंजिनासाठी सांगितलेल्या मापाचा घ्यावा. एक्झॉस्ट ब्रेक असलेल्या गाडीत नळीतील झडप पूर्ण उघडते की नाही, हे आवर्जून पाहावे. घाट उतरून आलेल्या गाडीची झडप काजळीने अर्धवट अडकलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे. त्या अडकलेल्या झडपेपायी भलत्याच भागांवर खर्च झालेले मालकही पाहिले आहेत.

काम करणाऱ्यांनी स्वतःचीही काळजी घ्यावी. काजळी कोरडी झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडाला मास्क बांधावा. जुन्या पॅकिंगमध्ये आणि एक्झॉस्टला गुंडाळलेल्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यावर हवेचा फवारा मारणे म्हणजे स्वतःच्या फुप्फुसाशी वैर होय. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे तर सर्वथा टाळावे.

काय करू नये

पंपाचे सील तोडून डिझेलचे प्रमाण वाढविणे, हा दुसरा लोकप्रिय उपाय आहे. त्याने काही काळ ओढ वाढल्याचे जाणवते. पण हवा तेवढीच असल्याने जादा डिझेल धुरातून जाते, वायूचे तापमान चढते, पिस्टनच्या माथ्याला तडे जातात. दिवसाचा लाभ आणि वर्षाचे नुकसान.

टर्बो बसविण्याविषयीही विचारणा होते. डिझेलमधील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने एक्झॉस्टमधून जाते. त्या वायूने पाते फिरवून हवा आत ढकलण्याची कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच मांडली होती. ती कल्पना थोर आहे. पण कारखान्यातील टर्बो-इंजिनाचे पिस्टन, पंप, तेलाची व्यवस्था हे सारे त्या जादा दाबासाठी घडविलेले असते. जुन्या साध्या इंजिनावर भंगारातला टर्बो चढविणे म्हणजे वृद्धाच्या पाठीवर तरुणाचे ओझे देणे.

कायद्याची बाजूही ध्यानी ठेवावी. नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. सायलेन्सर असणे तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारकच आहे. धुराच्या तपासणीत भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी प्रकाश-शोषणाची मर्यादा प्रतिमीटर २.४५ अशी आहे. वर सांगितलेल्या क्रमाने काम झालेल्या गाडीला ह्या मर्यादेचे भय वाटण्याचे सहसा कारण नसते.

धूर कोणाचा?

१९९९ साली धुराने त्रस्त झालेल्या मुंबईकर रहिवाशांच्या मंचाने उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या प्रकरणातून शहरातील जुन्या टॅक्स्या व व्यावसायिक वाहने यांच्या वयावर व इंधनावर निर्बंध आले. त्या वेळी आमच्या व्यवसायातील अनेकांना हा आपल्या पोटावरील घाला वाटला. आम्हांलाही वाटला होता. परंतु २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांत केला, तेव्हा दाराशी आलेली ती माउली आम्हांला पुन्हा आठवली. तो धूर सर्वाधिक घेणारे कोण? रस्त्याकडेच्या चाळीत आणि झोपडीत राहणारे, गाडीवर क्लीनर म्हणून चढणारे, शेडमध्ये इंजिनाशेजारी जेवणारे, म्हणजे आपणच. ट्रक आपला, धूर आपला आणि खोकणारे मूलही आपलेच.

म्हणून आम्ही हिशेब असा मांडतो. काळा धूर म्हणजे मालकाने पैसे देऊन विकत घेतलेले आणि न जळता वाया गेलेले डिझेल. तो थांबला, की मालकाचा पैसा वाचतो, इंजिनाची ओढ परत येते आणि शेजाऱ्याचा श्वासही मोकळा होतो. ह्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. एकाचे हित साधताना दुसऱ्याचे अहित करावे लागत नाही, असे काम हाती येणे हे कारागिराचे भाग्य होय.

विद्यालयात आज शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना शेवटी एक विनंती. मुलाचे मन पुस्तकापेक्षा यंत्रात रमत असेल, तर त्याला कमी लेखू नये. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मात्र त्याला गणित आणि विज्ञान मन लावून शिकू द्यावे. आमच्या आयुष्यातील सर्वांत उपयोगी अवजार कोणते, असे कोणी विचारले, तर पाना किंवा हातोडा नव्हे, प्रयोगशाळेतील ती यू आकाराची नळी, असे आम्ही सांगू. अंदाजाने कापू नये, मोजून दुरुस्त करावे, हे तिने आम्हांला शिकविले. ती नळी ज्या गुरुजनांनी आमच्या हाती दिली, त्यांना वंदन करून हा लेख पुरा करतो.